योगाचा गुण कधी येतो?

योगाभ्यासाचे सगळे फायदे एकाच वेळी दिसत नाहीत. श्वास मंद केल्यावर मिळणारा निवांतपणा पहिल्याच दिवशी, दहा मिनिटांत जाणवतो. तोल आणि झोप सुधारायला दोन ते सहा आठवडे जातात. जुनी कंबरदुखी, अर्धशिशी, रक्तदाब आणि साखर यांबाबत तीन महिन्यांआधी काहीही ठरवता येत नाही. सांध्यांभोवतालच्या कंडरा बळकट व्हायला त्याहून अधिक काळ लागतो, आणि वजन तर एकट्या आसनांनी फारसे हलत नाही.

हा क्रम ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी तेच घडते. २१ जूनच्या योग दिनाच्या उत्साहात नवी चटई येते, पहिला महिना नेटाने जातो, वजनकाटा जागचा हलत नाही म्हणून मन खट्टू होते, गणपतीत चार दिवस खंड पडतो आणि दिवाळीच्या साफसफाईत चटई माळ्यावर जाते. त्या महिन्याभरात झोप लवकर लागायला लागलेली असते, जमिनीवरून उठणे सोपे झालेले असते. पण तिकडे कोणी पाहिलेलेच नसते.

पहिल्या दिवशी काय लिहून ठेवावे

फरक हळूहळू पडतो आणि माणूस आपली आधीची अवस्था विसरतो. महिन्याभरापूर्वी पायात मोजा चढवताना खाटेचा आधार घ्यावा लागत होता, हे आधार सुटल्यावर आठवत नाही. म्हणून अभ्यास सुरू करण्याआधी एक साधी वही करावी. मोजमाप ही योगाला परकी गोष्ट नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हापासून तिथे क्ष-किरण आणि रक्तदाबमापक लावून योगक्रियांचा अभ्यास झाला आहे. घरच्या वहीला यंत्र लागत नाही. पुढील नोंदी पुरतात:

- एका पायावर आधाराशिवाय किती सेकंद उभे राहता येते. भिंतीजवळ उभे राहून, दोन्ही पायांची वेगवेगळी नोंद करावी.
- मांडी घालून जमिनीवर बसल्यावर उठताना किती वेळा हात किंवा गुडघा टेकावा लागतो.
- पाय सरळ पसरून पुढे वाकल्यावर बोटे कुठवर पोचतात: गुडघा, नडगी की घोटा.
- शांत बसलेले असताना मिनिटाला किती श्वास होतात.
- दिवा घालवल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ जातो, रात्री किती वेळा जाग येते.
- मुख्य दुखणे शून्य ते दहाच्या मापाने किती.

यांपैकी एकच गोष्ट आपले मुख्य उद्दिष्ट म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. "तब्येत सुधारावी" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरते ती धरू नये" हे मोजता येते. उदाहरणार्थ, पहिल्या दिवशीचे पान असे असेल: उजव्या पायावर ९ सेकंद, डाव्यावर ६; उठताना दोनदा हात टेकला; बोटे नडगीच्या मध्यावर; कंबर ६. इतकेच. रोज मोजू नये. दोन आठवड्यांनी एकदा, ठरलेल्या वारी आणि त्याच वेळी मोजावे, कारण सकाळी अंग आखडलेले असते आणि संध्याकाळी तेच शरीर चार बोटे जास्त वाकते.

पहिला पंधरवडा: अंग आंबते, श्वास बदलतो

पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या, पोटऱ्या आणि खांदे आंबतात. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण आल्यामुळे हे होते आणि बहुधा तीन-चार दिवसांत ओसरते. अंग आंबले म्हणून पूर्ण थांबू नये. त्या दिवशी हलकी आसने आणि शवासन करावे. मात्र सांध्यात टोचणारी कळ, हातापायात उतरणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा हे आंबणे नव्हे. तसे झाल्यास ते आसन तिथेच सोडावे.

या काळात सर्वांत लवकर कळणारा फायदा श्वासाचा आहे. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास चालतात. ते सहाच्या आसपास आणले, म्हणजे सुमारे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, की हृदयाची लय आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली आलेल्या एका प्रयोगात २३ निरोगी माणसांनी एकदा लॅटिनमधून ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि एकदा बौद्ध मंत्र. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सहावर आला आणि हा परिणाम त्याच बैठकीत यंत्रावर दिसला. घरोघरी संथ लयीत चालणारा नामजपही श्वासाला अशीच संथ लय लावतो.

हा निवांतपणा खरा असला तरी तात्पुरता असतो. सकाळी दहा मिनिटे अनुलोम-विलोम केल्याने दुपारच्या बैठकीत राग येणार नाही असे नाही. पण राग आल्यावर श्वासाकडे वळण्याची सवय काही आठवड्यांत लागते, आणि ताणाच्या बाबतीत योगाचा मोठा उपयोग तोच आहे.

तिसरा ते सहावा आठवडा: आरशात न दिसणारे बदल

बरेच लोक याच टप्प्यावर सोडतात आणि नेमके याच टप्प्यावर शरीरात बरेच काही घडत असते. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद ही स्नायू जाड झाल्याने येत नाही. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात थरथरणारे उत्कटासन पाचव्या आठवड्यात स्थिर होते, पण मांडीचा घेर तेवढाच राहतो. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर दिसू लागते, तीही पुरेसा भार दिला तर.

लवचिकतेचेही तसेच. पश्चिमोत्तानासनात बोटे घोट्याकडे सरकू लागतात, तेव्हा मांडीमागचे स्नायू लांब झालेले नसतात. ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. म्हणूनच आठवडाभर खंड पडला की बोटे परत मागे येतात. त्यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण ती दुसऱ्यांदा लवकर पुढे जातात.

वृक्षासनाचे, म्हणजे एका पायावर उभे राहण्याचे, सेकंद या काळात झपाट्याने वाढतात. वहीतला हा आकडा सर्वांत आधी हलतो, म्हणून नव्या माणसाने तो जरूर मोजावा. पन्नाशीपुढच्या वाचकांना तर हा फायदा इतर सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे: ओल्या न्हाणीघरात पाय घसरला तर सावरणारे शरीर याच अभ्यासातून तयार होते.

झोपेत फरक पडत असेल तर तोही बहुतेकांना याच सुमारास जाणवतो. पण रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल पाहायचा आणि सकाळच्या आसनांकडून झोपेची अपेक्षा करायची, हे जुळत नाही. झोप हेच उद्दिष्ट असेल तर सकाळच्या सत्राइतकेच रात्री निजण्याआधीचे दहा मिनिटांचे शवासन आणि मंद श्वसन महत्त्वाचे.

तीन महिने: दुखण्याची आणि आकड्यांची खरी मुदत

योगावरचे बरेच चांगले वैद्यकीय प्रयोग बारा आठवड्यांचे आहेत. सिएटल परिसरात जुनी कंबरदुखी असलेल्या २२८ जणांवर झालेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून एकदा योगवर्ग आणि घरी सराव, दुसऱ्याला स्नायू ताणण्याचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त माहितीचे पुस्तक, अशी विभागणी होती. बारा आठवड्यांनी योगाचा गट पुस्तकवाल्या गटापेक्षा चांगला ठरला. स्नायू ताणण्याच्या व्यायामांचा गटही जवळपास तितकाच सुधारला. बॉस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा आठवड्यांचा योग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. या दोन्ही प्रयोगांवरून वाचकाने घ्यायचा बोध सरळ आहे. कंबरदुखीत योग उपयोगी पडतो, पण तो एकमेव मार्ग नाही. फिजिओथेरपी चालू असेल आणि तिचा गुण येत असेल तर ती सोडून योगाकडे धावण्याची गरज नाही.

अर्धशिशीबाबत दिल्लीच्या एम्समधला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने औषधांच्या जोडीने योग करणाऱ्यांची डोकेदुखीची संख्या आणि तीव्रता, केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटली. यातला "औषधांच्या जोडीने" हा भाग कोणी विसरू नये.

साखरेचे गणित तर रक्तातच आहे. ज्याला बोलीत "तीन महिन्यांची साखर" म्हणतात ती चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे योग सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी ही चाचणी करून हताश होण्यात अर्थ नाही. पैसे वाया जातात आणि उत्तर अर्धवट मिळते. सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, इतकीच ती करावी. रोजच्या साखरेचे ग्लुकोमीटर घरी असेल तर ते वेगळे काम करते, ते चालू ठेवावे.

रक्तदाबात होणारी घट माफक असते, आणि ती मोजताना घाई नडते. जिना चढून आल्या आल्या किंवा चहानंतर लगेच मोजलेला आकडा कामाचा नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, दोनदा मोजावे आणि सरासरी लिहावी.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. संथ हठयोगात खर्ची पडणारी ऊर्जा हळू चालण्याच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. जलद सूर्यनमस्कार त्यात मोजता येतात, शवासन नाही. वजन कमी करायचे असेल तर योगाला भरभर चालण्याची आणि ताटाकडे पाहण्याची जोड द्यावीच लागेल.

सहा महिन्यांनंतर

स्नायूंपेक्षा कंडरा फार सावकाश बदलतात. यातून एक धोका निर्माण होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगात बळ आलेले असते, मन धीट होते आणि माणूस पुढे वाकण्याच्या आसनात जोर लावतो; स्नायू साथ देतात, कंडरा देत नाहीत. बसताना टेकणाऱ्या हाडापाशी, मांडी जिथे सुरू होते तिथे, खोल दुखू लागले तर तो याच जबरदस्तीचा इशारा असतो. अशा वेळी पुढे वाकणे कमी करावे, गुडघे किंचित वाकवावेत, आणि महिनाभरात थांबले नाही तर तज्ज्ञाला दाखवावे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, विटा, खुर्ची आणि दोर यांचा जो वापर रुजवला, तो ताठर शरीराला आसनाच्या जवळ नेण्यासाठी, ओढून बसवण्यासाठी नव्हे. घरात ओढणी आणि दोन जाड पुस्तके ते काम करतात.

योगसूत्रकार पतंजलींनीही अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: दीर्घ काळ, खंड नाही, आणि आदर. त्यांनी दिवसांचा आकडा दिलेला नाही.

किती वेळ, आठवड्यात किती दिवस

रविवारी दीड तास आणि बाकी सहा दिवस काही नाही, ही पद्धत सर्वांत कमी फळते. आपल्या दिवसाप्रमाणे पुढीलपैकी एक निवडावी:

- रोज १५ मिनिटे: नोकरी, लहान मुले, लांबचा प्रवास असणाऱ्यांसाठी. पाच मिनिटे सांधे मोकळे करणे, पाच-सहा आसने, शेवटी तीन मिनिटे श्वास.
- आठवड्यात पाच दिवस ३० मिनिटे: बहुतेकांसाठी हीच योग्य. बारा आठवड्यांत ३० तास भरतात.
- दोन दिवस वर्ग, तीन दिवस घरी २० मिनिटे: दुखणे घेऊन सुरुवात करणाऱ्यांसाठी. चूक वर्गात सुधारली जाते आणि सराव घरी होतो.
- आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम: ज्यांना स्वतः क्रम ठरवायचा नाही त्यांच्यासाठी. तो विनामूल्य उपलब्ध आहे.

२१ दिवसांत सवय लागते हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास झाला, त्यात एखादी गोष्ट आपसूक घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले; कोणाला १८, तर कोणाला २५० हून जास्त. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणून लग्नकार्य, प्रवास, ताप यांमुळे पडलेला खंड मनाला लावून घेऊ नये. परत आल्यावर पहिले दोन दिवस निम्माच अभ्यास करावा.

आपल्याकडे चातुर्मासाच्या नेमाची परंपरा आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा सुमारे चार महिन्यांचा काळ योगाची पारख करायला अगदी पुरेसा आहे. कांदा-लसूण सोडण्याचा नेम निभावणाऱ्या घरात अर्ध्या तासाचा नेमही निभावतो.

गुण न येण्याची नेहमीची कारणे

- दर आठवड्याला नवा व्हिडिओ. शरीराला ओळख व्हायला तीच आठ-दहा आसने महिनाभर हवीत.
- श्वास कोंडून आसन करणे. तोंडावर ताण आणि दात घट्ट आवळलेले असतील तर आसन जास्त ओढले आहे.
- शवासन वगळणे. "वेळ नाही" म्हणून तेच आधी सुटते, आणि ताण व झोपेसाठी आलेल्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.
- मुख्य तक्रारीशी संबंध नसलेला अभ्यास. गुडघेदुखीसाठी कपालभातीचे शेकडो ठोके काही करणार नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारी आसने करतील.
- इतरांशी तुलना. वर्गात शेजारचा डोके गुडघ्याला लावतो, कारण त्याच्या खुब्याची ठेवण वेगळी आहे.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे

काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन आणि डोके खाली जाणारी आसने टाळावीत. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) नको. हाडे ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकू नये, मणका दबण्याचा धोका असतो. मानेचा स्पाँडिलोसिस असताना सर्वांगासन व शीर्षासन वर्ज्य. गरोदरपणात कपालभाती, पोटावर झोपून करायची आसने आणि पोट दाबणारे पीळ टाळावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दीर्घ अभ्यास करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे आणि जवळ साखर ठेवावी. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर शवासनातून एकदम उठू नये. कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे, मग बसावे. जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुण्याची क्रिया, करायची तर पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे थेट नको.

बरे वाटू लागल्यावर औषध स्वतःहून कमी करणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टर आकडे पाहून करतात. खिन्नता किंवा चिंता महिनाभर हटत नसेल, तर योग करत असतानाही उपचार घ्यावेत; टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

वर्ग निवडताना तुमचे हक्क

शिक्षकाने पहिल्याच दिवशी आजार, शस्त्रक्रिया आणि औषधे यांची चौकशी केली नाही, तर तो वर्ग सोडलेला बरा. केंद्राच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. ते योग शिकवण्याचा सक्तीचा परवाना नाही, पण शिक्षकाची परीक्षा झाल्याचा तो पुरावा आहे. आसन दुरुस्त करताना हात लावू नका असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याचे कारण द्यावे लागत नाही.

वर्षाची फी एकदम भरू नये. आधी एक-दोन दिवस वर्ग पाहावा, मग महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची भरावी. वर्ग बंद झाला किंवा तुम्ही आजारी पडलात तर किती पैसे परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्यावे. "२१ दिवसांत मधुमेह मुळापासून बरा" अशी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

बारा आठवड्यांनंतर

वही उघडून पहिले पान आणि आजचे पान शेजारी ठेवावे. मुख्य आकडा सुधारला असेल तर तोच क्रम पुढे चालू ठेवावा, त्यात महिन्याला एकाहून अधिक नवे आसन घालू नये. इतर आकडे हलले पण मुख्य तक्रार तशीच असेल, तर अभ्यास चुकीच्या दिशेने चालला आहे. जाणकार शिक्षकाला वही दाखवून क्रम बदलून घ्यावा आणि आणखी सहा आठवडे द्यावेत. आठवड्यात पाच दिवस प्रामाणिकपणे करूनही एकही आकडा हललेला नसेल किंवा दुखणे वाढले असेल, तर योगात जास्त जोर लावू नये. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तपासणी करून घ्या.